अल्पदृष्टी

अल्पदृष्टी : चष्मा, औषधे आणि शस्त्रक्रिया हे सर्व उपाय करूनही जी नजर पुरेशी सुधारत नाही, परंतु पूर्णपणे गेलेलीही नसते, अशा अवस्थेला अल्पदृष्टी म्हणतात. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ नुसार चष्म्यासह अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ हून कमी व ३/६० पर्यंत असल्यास, किंवा दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर स्थिर ठेवून एका वेळी दिसणारा विस्तार, ४० ते १० अंशांपर्यंत आक्रसले असल्यास ती व्यक्ती या गटात येते. त्याखाली अंधत्व धरले जाते. निरोगी डोळा जे अक्षर १८ मीटरवरून वाचतो, ते वाचण्यास ६ मीटरवर यावे लागणे, हा ६/१८ या आकड्याचा अर्थ होय.

मोतीबिंदूने अधू झालेली नजर शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूत मात्र दृष्टिचेतेची, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नसेची, हानी होते आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रियेने डोळ्यातील दाब उतरवून उरलेली नजर राखणे एवढेच हाती असते. मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याच्या जुन्या सवयीने काचबिंदूचे रुग्णही घरी बसून राहतात, हे नुकसान सर्वांत टाळण्याजोगे आहे. काचबिंदू झालेल्या व्यक्तीच्या भावंडांनी व मुलांनी त्रास नसतानाही तपासणी करून घ्यावी, आणि स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांना न विचारता घालू नयेत, कारण त्यांनी दाब वाढू शकतो. मधुमेहाने दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतील प्रकाश टिपणारा पडदा, बिघडू शकते, म्हणून प्रौढ वयात त्याचे निदान होताच बाहुली मोठी करून ते तपासावे आणि पुढे साधारणतः दरवर्षी तपासत राहावे.

या अवस्थेतील अडचणी बाहेरून विसंगत वाटतात. पीतबिंदूच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यावरील सूक्ष्म भागाच्या, विकारात नजरेचा मध्यभाग जातो, कडा शाबूत राहतात. अशी व्यक्ती गर्दीतून नीट चालते, पण समोरच्याचा चेहरा तिला दिसत नाही, आणि लग्नकार्यात ‘हल्ली ओळख दाखवत नाहीत’ असा ठपका तिच्यावर येतो. रातांधळेपणाने सुरू होणाऱ्या दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकारात उलट घडते : वर्तमानपत्र वाचता येते, पण पायाशी असलेली पायरी दिसत नाही. दोन्ही व्यक्तींवर नाटक केल्याचा आरोप होतो. तो साफ चुकीचा आहे, आणि घरच्यांनी तो केल्यास नजर जाण्याहून अधिक बोचतो.

उरलेली नजर वापरल्याने झिजत नाही. मजकूर ४० सेंटिमीटरऐवजी २० सेंटिमीटरवर धरला की अक्षर डोळ्याला दुप्पट मोठे दिसते. तेवढ्या जवळ ते स्पष्ट दिसावे म्हणून +५ चा वाचनाचा चष्मा किंवा भिंग लागते. देवनागरीत अनुस्वार आणि रफार सर्वांत आधी निसटतात, म्हणून मराठी मजकुरासाठी अक्षर मोठे करण्याबरोबरच ठळकही करावे. प्रकाश मागून, खांद्यावरून यावा. इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या मराठी घरांत जिने अरुंद व अंधारे असतात. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा रुंद पट्टा ओढला की पाय चुकण्याचा धोका बराच कमी होतो. पांढऱ्या ताटलीतला दहीभात दिसत नाही, गडद ताटलीत तो दिसतो.

नजर बरीच गेल्यावर काहींना नसलेल्या गोष्टी दिसतात : जाळीदार नक्षी, अनोळखी चेहरे, अंगणात उभी मुले. चित्रे स्पष्ट असतात, पण त्यांना आवाज नसतो. स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या अशा अनुभवाचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने हा प्रकार ओळखला जातो. डोळ्याकडून येणारे संदेश आटले की मेंदूचा दृष्टिभाग स्वतःच चित्रे निर्माण करतो. आपल्याकडे वृद्ध मंडळी वेड लागल्याचा किंवा बाहेरच्या बाधेचा शिक्का बसेल या भीतीने हे लपवतात. ‘तुम्हाला असे काही दिसते का?’ हे घरच्यांनी आपणहून विचारावे. दिवा लावला किंवा नजर इकडेतिकडे फिरवली की चित्र पुष्कळदा विरते. आवाजही ऐकू येऊ लागले किंवा गोंधळ वाढला, तर मात्र कारण वेगळे असू शकते आणि डॉक्टरांना दाखवणे आवश्यक ठरते.

भारती ब्रेल ही बोटांनी वाचायच्या उठावदार ठिपक्यांची, भारतीय भाषांसाठीची समान लिपी १९५१ मध्ये स्वीकारली गेली. तिच्यात हिंदी व मराठी अक्षरांची चिन्हे सारखीच असल्याने इंदूरच्या हिंदी शाळेत ब्रेल शिकलेले मराठी घरातील मूल, ‘ळ’चे चिन्ह ठाऊक झाले की, मराठी पुस्तकही वाचू शकते. मोबाइलच्या बाबतीत असे आपोआप होत नाही : फोन हिंदीवर असला तर मराठी मजकुराचे उच्चार बिघडतात, म्हणून पडदावाचकासाठी, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीसाठी, मराठी आवाज वेगळा निवडावा लागतो. दिव्यांगत्व किमान ४० टक्के प्रमाणित झालेल्या अंध व अल्पदृष्टी परीक्षार्थींना लेखनिक, तसेच प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटांचा जादा वेळ मागता येतो. हे प्रमाणपत्र दहावीच्या वर्षाची वाट न पाहता आधीच काढून ठेवणे श्रेयस्कर.