बलून की बाउन्स? टेकता टेकता विमान वर गेलं, तेव्हा

ठाणे, वाशी, नेरूळकडची मुलं बारामतीला किंवा धुळ्याला विमान शिकायला जातात. ‘लँडिंगला विमान परत वर गेलं’ ही तक्रार त्यांच्याकडून हमखास ऐकू येते. पण वर जाण्याचे प्रकार दोन आहेत. चाकं टेकायच्या आधीच वर गेलं तर बलून, टेकून उसळलं तर बाउन्स. घरी टेबलावर जॉयस्टिक लावून सराव करणाऱ्यांना हा फरक हमखास चुकतो, कारण खुर्चीला धक्का बसत नाही.

बलूनमागे बहुतेक वेळा जादा वेग असतो. सेसना 172 एस हे शिकायचं छोटं विमान पूर्ण फ्लॅपवर (पंखामागच्या पट्ट्या पूर्ण खाली सोडून) साधारण 65 नॉट वेगाने आणतात. 75 ने आलात तर पंखाच्या त्याच कोनात लिफ्ट (पंखांना वर उचलणारं बल) जवळपास एक तृतीयांशाने जास्त मिळते, कारण लिफ्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मग योक (विमानाचं स्टिअरिंग) नेहमीइतकाच ओढला तरी विमान तरंगत वर जातं. वाऱ्याच्या झोतानेही तेच होतं. वर गेल्यावर वेग झपाट्याने कमी होतो आणि दहा-पंधरा फुटांवरून विमान धपकन खाली येतं.

बाउन्समध्ये खरा घोळ नोजव्हीलचा, म्हणजे नाकाखालच्या चाकाचा. विमानाचा गुरुत्वमध्य मागच्या मुख्य चाकांच्या थोडा पुढे असतो. मुख्य चाकं आधी टेकली की नाक आपोआप खाली येतं, पंखाचा कोन कमी होतो आणि विमान बसतं. नोजव्हील आधी आदळलं तर उलट होतं: नाक वर फेकलं जातं, कोन वाढतो आणि वेग अजून उरलेला असल्याने विमान उसळतं. घाबरून योक पुढे ढकलला की नोजव्हील दुसऱ्यांदा, आणखी जोरात आदळतं. याच पाळीपाळीच्या उड्यांना पॉर्पॉइझिंग म्हणतात. त्यात पुढचा पाय मोडतो, प्रोपेलर रनवेला लागतो. प्रोपेलर लागला की इंजिन उघडून तपासावंच लागतं, पातं किंचित वाकलेलं दिसलं तरी.

हवेत असताना दोन्हींवर उपाय जवळजवळ एकच. योक पुढे ढकलायचा नाही. उडी लहान असेल तर नाक लँडिंगच्या स्थितीत धरा, जराशी पॉवर द्या, पुन्हा टेकू द्या. उडी मोठी असेल, किंवा दुसरी उडी बसली, तर गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं: थ्रॉटल (इंजिनची पॉवर) पूर्ण, उजव्या पायाने रडर, फ्लॅप 20 अंशांवर, 60 नॉट, विमान चढू लागल्यावरच उरलेले फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर.

फरक पडतो तो पुढच्या फेरीत. बलून झाला असेल तर वेग आणि हाताची घाई सुधारा. बाउन्स झाला असेल तर नजर रनवेच्या दूरच्या टोकाकडे ठेवा आणि फ्लेअर (टेकण्याआधी नाक हळूच उचलणं) वेळेत करा. नजर जवळ असली की त्याची वेळ चुकते. जोरात बाउन्स झाला तर मात्र पुन्हा उडण्याआधी इन्स्ट्रक्टरला आणि इंजिनीअरला सांगा. नाकाच्या ओलिओतून (पुढच्या चाकाच्या शॉक अब्सॉर्बरमधून) तेल गळतंय का, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) सुरकुती पडली आहे का, प्रोपेलरच्या टोकांवर ओरखडे आहेत का, हे बघितल्याशिवाय ते विमान दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती देऊ नका.