बटाट्याच्या सूपाचा दाटपणा आला कुठून?

घरी केलेल्या बटाट्याच्या सूपात कॉर्नफ्लोअर किंवा मैदा घालावा लागत नाही. दाटपणा बटाट्यातच असतो. तो किती आणि कसा बाहेर काढायचा एवढेच ठरवायचे असते. या सूपाचा इतिहासही त्याच प्रश्नाभोवती फिरतो.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. दक्षिण पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर, टिटिकाका सरोवराच्या परिसरात, तो सुमारे ८,००० वर्षांपूर्वी लागवडीखाली आला. सरोवराची उंचीच समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटर. तिथे बटाटा चांगला पिकतो, पण ओला बटाटा फार दिवस राहत नाही. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी चुन्यो करण्याची युक्ती काढली. जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर पसरून गोठू द्यायचे, दिवसा उन्हाने ते नरम पडले की पायांनी तुडवून पाणी पिळून काढायचे, आणि असे काही दिवस करून खडखडीत वाळवायचे. गोठताना बटाट्याच्या पेशी फुटतात, म्हणूनच नुसत्या पायाच्या दाबाने पाणी निघते. नीट वाळलेला चुन्यो अनेक वर्षे टिकतो. बोलिव्हियाच्या ला पाझ भागातले चायरो हे सूप त्याच्याशिवाय होत नाही: मांस, गाजर, धान्य, ताजा बटाटा आणि त्यात भिजवलेला चुन्यो.

याच पर्वतरांगेत उत्तरेकडे गेले की दाटपणाचे खरे गणित दिसते. कोलंबियात बोगोटाचे आहियाको हे सूप तीन जातींच्या बटाट्यांवर उभे आहे. क्रिओया हा छोटा, पिवळाधमक बटाटा शिजताना पूर्ण विरघळतो आणि सूपाला दाटपणा व रंग देतो. पास्तूसा अर्धवट फुटतो. साबानेरा शेवटपर्यंत फोडीच्या रूपात टिकतो. सोबत कोंबडी, मक्याची कणसे आणि ग्वास्कास नावाचा रानपाला. वाढताना साय आणि केपर (खारवलेल्या आंबट कळ्या). इक्वेडोरच्या लोक्रो दे पापासमध्येही काही बटाटा विरघळू देतात आणि काही फोडी राखतात, वर पांढरे चीज आणि अ‍ॅव्होकाडो. एका पातेल्यात दोन प्रकारचा बटाटा, एक विरघळणारा आणि एक टिकणारा, ही या सूपाची सर्वांत मोलाची शिकवण. 

युरोपात बटाटा सोळाव्या शतकात स्पेनमार्गे पोचला. १५७० च्या दशकात सेव्हिलच्या एका रुग्णालयाच्या खरेदीत त्याची नोंद सापडते. पण लोकांनी तो सहज स्वीकारला नाही. तिथले सूप तोवर पावावर चालत होते. ‘सूप’ या शब्दाचा जुना अर्थच मुळी रस्सा ओतून भिजवलेला पावाचा तुकडा असा होता. रस्सा दाट व्हायचा तो शिळ्या पावाने, जवाने, वाटाण्याने. त्यांची जागा बटाट्याने घ्यायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

ही अदलाबदल जिथे स्पष्ट दिसते ते ठिकाण म्हणजे म्युनिक. १७९० साली बेंजामिन थॉम्पसन या अमेरिकेत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने, म्हणजे पुढच्या काउंट रम्फोर्ड यांनी, तिथे गरिबांसाठी कामाचे आणि जेवणाचे घर चालवायला घेतले. सोललेले जव, सुका वाटाणा, मीठ, आंबट द्रव आणि वाढताना पावाचे तुकडे असे त्यांचे सूप होते. त्यात बटाटा घातला की खर्च कमी होत होता, पण लोकांच्या मनात बटाट्याबद्दल अढी होती. रम्फोर्ड यांनी लिहून ठेवले आहे की बटाटा सुरुवातीला चोरून घालावा लागला. त्यासाठी एका कोपऱ्यातल्या खोलीत वेगळी चूल मांडली आणि ओळखू येऊ नये म्हणून बटाटा आकार मोडेपर्यंत शिजवला. लपवण्यासाठी विरघळवलेल्या याच बटाट्याने सूप जास्त दाट केले. सूप मंद आचेवर खूप वेळ शिजले तरच दाट होते, हा त्यांचा आग्रह आजही तितकाच खरा आहे.

प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात राजा फ्रेडरिक दुसरा याने मार्च १७५६ मध्ये बटाटा लावण्याचा हुकूम काढला होता. पुढे युरोपातल्या सप्तवार्षिक युद्धात (१७५६–६३) आंत्वान पार्मांतिए हा फ्रेंच औषधनिर्माता प्रशियाच्या कैदेत पडला आणि तिथे बटाट्यावर जगला. परतल्यावर त्याने फ्रान्समध्ये बटाट्याची बाजू लावून धरली. १७७२ मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाने बटाटा खाण्यायोग्य ठरवला. लीक (कांद्याच्या कुळातली लांब पातीची भाजी) आणि बटाट्याच्या फ्रेंच सूपाला त्याचेच नाव आहे. जर्मन सूपात मात्र गाजर, लीक, सेलरीचा कंद आणि मार्जोरम हा सुगंधी पाला पडतो, आणि वर सॉसेज. पोटभरीचे सूप म्हणून ते जास्त उजवे.

फ्रेंच आचारी लुई दिया यांचे व्हिशिस्वाज हे लीक-बटाट्याचे थंड सूप १९१७ साली न्यूयॉर्कच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात आले. आईच्या हातच्या गरम लीक-बटाटा सूपात थंड दूध ओतून खाण्याची लहानपणची आठवण त्यामागे होती. ते सूप दोनदा गाळतात, कारण बटाट्याचा स्टार्च थंड होताना आळतो आणि जराही गुठळी राहिली तर जिभेला लागते.

आपल्याकडे ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीजांनी आणला. त्यांनी तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतून घेतला होता आणि तिथे त्याचा अर्थ रताळे असा होता. पोर्तुगालच्या मिन्यो प्रांतातले काल्दु व्हेर्द म्हणजे बटाट्याचे दाट सूप, त्यात केसासारखी बारीक चिरलेली गडद हिरवी कोबीवर्गीय पाने, ऑलिव्ह तेल आणि शोरिसू या मसालेदार सॉसेजची चकती. गोव्यात हे सूप आले तेव्हा पानांची जागा बहुधा पालकाने घेतली. पालक दोन मिनिटांत शिजतो, त्यामुळे तो अगदी शेवटी घालायचा. मूळ पानांइतका वेळ उकळला तर काळपट पडतो.

सूपाचा दाटपणा आपल्या बाजारात मिळवायचा तर बटाटा ओळखता यायला हवा, आणि इथेच बहुतेकांचे चुकते. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला गेली. तिच्या कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी अशा जाती देशभर लावल्या जातात. कुफरी लवकर ही जात तर पठारावरच्या लवकर काढणीसाठी आहे आणि तिच्या नावात मराठी शब्दच आहे. पण भाजीवाल्याकडे जातीचे नाव सहसा मिळत नाही. मिळते ते ‘आग्रा’, ‘इंदूर’ किंवा ‘नवा-जुना’. कोवळा नवा बटाटा पाणीदार असतो आणि फोड टिकवतो. पूर्ण पक्व, जाड सालीचा जुना बटाटा पिठूळ असतो आणि फुटतो. खात्री करायची असेल तर ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवून बटाटा सोडावा. पिठूळ बटाटा जड असल्याने बुडतो, पाणीदार तरंगतो.

चौघांच्या पोटभर सूपासाठी ६०० ग्रॅम पिठूळ आणि ४०० ग्रॅम पाणीदार बटाटा घ्यावा. ४० ग्रॅम लोण्यावर २०० ग्रॅम कांदा, मिळाल्यास लीकचा पांढरा भाग, मंद आचेवर १० ते १२ मिनिटे झाकून मऊ करावा. तांबूस होऊ देऊ नये. पिठूळ बटाट्याच्या अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करून न धुता घालाव्यात. चिरल्यावर धुतले की हवा असलेला स्टार्चच वाहून जातो. त्यावर १.२ लिटर पाणी आणि २ सपाट चमचे मीठ. उकळी आल्यावर आच कमी करून २० ते २५ मिनिटे, चकत्या काठाने झडू लागेपर्यंत शिजवावे.

मग ते पुरणयंत्रातून काढावे. फ्रान्समध्ये ज्याँ माँतले याने १९३२ साली बटाटा कुस्करण्यासाठी ज्या हातयंत्राचे पेटंट घेतले, ते आपल्या पुरणयंत्राचेच भावंड आहे. मिक्सर मात्र टाळावा. त्याच्या पात्यांनी फुगलेल्या पेशी फाटतात, मोकळा स्टार्च बाहेर पडतो आणि सूप खळीसारखे तारदार होते. एकदा तसे झाले की त्यावर उपाय नाही. पुरणयंत्रात पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, पण बऱ्याचशा अखंड राहतात. म्हणून सूप दाट असूनही जिभेवर मऊ लागते.

आता पाणीदार बटाट्याच्या दीड सेंटीमीटरच्या फोडी त्यात घालून १२ ते १५ मिनिटे शिजवाव्यात आणि तळ लागू नये म्हणून ढवळत राहावे. शेवटी २०० मिलिलिटर गरम दूध घालून आच बंद करावी. दूध घातल्यावर खळखळून उकळू नये.

टोमॅटो, लिंबू किंवा व्हिनेगर आधी घातले तर बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन आंबटपणामुळे सुटत नाही आणि फोडी तासभर शिजवूनही कचकचीत राहतात. आंबट नेहमी ताटात वाढताना. फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्याचे सूप गोडसर लागते, कारण थंडीत त्याच्या स्टार्चची साखर होते. हिरवट साल आणि मोड आलेला भाग खोल कापून टाकावा. त्यातले सोलानिन हे विषारी द्रव्य शिजवून जात नाही.

उरलेले सूप दुसऱ्या दिवशी घट्ट आळलेले मिळते. अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर हलवले की ते पूर्ववत होते. डीप फ्रीजरमध्ये मात्र ते ठेवू नये: चुन्योच्या बाबतीत जे हवे असते तेच इथे नको असते. गोठून सुटलेल्या फोडी स्पंजसारख्या होतात आणि त्यांचे पाणी वेगळे पडते. पुढच्यासाठी साठवायचेच असेल, तर फोडी आणि दूध घालण्याआधीचा पुरणयंत्रातून काढलेला भाग तेवढा गोठवावा, आणि गरम करताना तो रवीने घुसळून एकजीव करावा.