मांजर स्प्रे करतंय की ट्रेबाहेर लघवी करतंय?

सोफ्यामागून किंवा पडद्याखालून उग्र वास यायला लागला की घरातले लगेच म्हणतात, मांजर घाण करायला लागलं. पण या एका तक्रारीमागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. स्प्रे करणारं मांजर लघवीची चिळकांडी मारून वासाची खूण सोडत असतं. ट्रेबाहेर, म्हणजे त्याच्या शौचासाठी ठेवलेल्या पेटीबाहेर, लघवी करणाऱ्या मांजराला मूत्राशय रिकामं करायचं असतं, फक्त ट्रे नको असतो किंवा तिथपर्यंत जाणं जमत नसतं. म्हणूनच स्प्रे करणाऱ्या मांजरासाठी महागडं लिटर (ट्रेमध्ये घालायचे वाळूसारखे कण) आणून उपयोग होत नाही, आणि मूत्राशय सुजलेल्या मांजराला ‘हद्द आखतंय’ म्हणून सोडून दिलं तर ते नुसतं त्रास काढत राहतं.

ओळख पटते ती मांजर उभं कसं राहतं यावरून. स्प्रे करताना ते भिंतीकडे पाठ करून उभंच राहतं, शेपूट ताठ वर धरतं, शेपटीचं टोक थरथरतं आणि बऱ्याचदा मागचे पाय जागच्या जागी हलतात. डाग उभ्या पृष्ठभागावर, साधारण मांजराच्या कमरेच्या उंचीवर पडतो आणि तिथून ओघळतो. लघवी थोडीच असते. असं मांजर रोजची लघवी मात्र ट्रेमध्येच नीट करत असतं. साधी लघवी करताना ते खाली बसतं, आडव्या जागी थारोळं करतं आणि नंतर पायाने उकरून झाकायचा प्रयत्न करतं.

दोन ठिकाणी फसगत होते. काही मांजरं ट्रेमध्ये उभ्यानेच लघवी करतात, ती कडेवरून भिंतीवर जाते आणि स्प्रे वाटते. तिथे २५ ते ३० सेंटिमीटर उंच कडांचा ट्रे ठेवला की काम भागतं. फक्त आत शिरायची बाजू बुटकी हवी. दुसरी फसगत जास्त महत्त्वाची. खाली बसून, पण घरभर थेंब थेंब केलेली लघवी हा स्प्रे नव्हे. ती बहुधा मूत्राशयाच्या दाहाची खूण असते.

स्प्रे नसबंदी न झालेल्या बोक्यांमध्ये सर्वाधिक दिसतो. माजावर आलेल्या भाट्याही (मादी मांजरं) करतात. नसबंदीने बहुतेकांचा थांबतो, पण शस्त्रक्रियेनंतर हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, तेवढा धीर धरावा. नसबंदी होऊनही सुमारे १० टक्के बोके आणि ५ टक्के भाट्या स्प्रे करतात. तेव्हा डाग कुठे आहेत ते बघा. खिडक्या-दारांपाशी असतील तर बाहेर फिरणारं एखादं मांजर दिसत असणार. काचेचा खालचा भाग अपारदर्शक कागदाने झाका. आतल्या वाटांवर, नव्या फर्निचरवर, बॅगांवर असतील तर ताण घरातच आहे: नवा प्राणी, नवा माणूस, दोन मांजरांचं वैर. अशा मांजरांची खाण्याची, झोपण्याची आणि ट्रेची ठिकाणं वेगळी करावीत. गालाच्या ग्रंथींमधल्या फेरोमोनची (वासातून संदेश देणाऱ्या रसायनाची) नक्कल करणारा डिफ्यूझर महिनाभर लावून बघता येतो, मात्र मूळ कारण तसंच राहिलं तर एकट्या त्याने भागत नाही. ओरडणं किंवा मारणं कटाक्षाने टाळा. ताण वाढला की स्प्रेही वाढतो.

ट्रेबाहेरच्या लघवीत आधी डॉक्टर, मग ट्रे. मूत्राशयाचा दाह, खडे, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, म्हाताऱ्या मांजराचे दुखरे सांधे, यांपैकी काहीही असू शकतं. लघवी करताना एकदा दुखलं की मांजर तो दोष ट्रेलाच लावतं आणि बरं झाल्यावरही तिथे जायचं टाळतं. बोका वारंवार ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी येत नाही, असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून थांबू नका. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती पूर्ण अडली तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्र असली तरी त्याच वेळी दवाखाना गाठा. घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजरासाठी ती विष आहे.

तपासणीत काही निघालं नाही तर दोष ट्रेमध्ये शोधावा. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, आणि तेही वेगवेगळ्या जागी, कारण शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या लेखी एकच. लांबी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या मापाच्या दीडपट असावी. बारीक कणांचं, बिनवासाचं लिटर ३ ते ५ सेंटिमीटर घालावं, गोळे रोज काढावेत. मांजराने निवडलेली जागाही बरंच सांगते: गादी आणि पायपुसणं आवडत असेल तर सध्याचं लिटर पायाला टोचत असावं, सिंक किंवा गुळगुळीत फरशी आवडत असेल तर एका ट्रेमध्ये अगदी थोडंच लिटर घालून बघा.

सफाई दोन्हींत एकसारखीच. आधी टिपून घ्या, मग एन्झाइमचा क्लीनर डागापेक्षा मोठ्या भागावर ओता आणि बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण मुरू द्या. गादीत लघवी जितकी खोल गेली असेल तितका क्लीनरही खोल जायला हवा. अमोनियाचा क्लीनर नको, त्याच्या वासाने मांजर पुन्हा तिथेच येतं. ब्लीचही नको, लघवीशी त्याचा संयोग झाला की घशाला झोंबणारे वायू निघतात. जुने डाग अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली चमकतात. ते भिंतीवर ओघळलेले आहेत की जमिनीवर पसरलेले, हे तेव्हाच टिपून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना फोटो सोबत न्या.