परदेशातून कॅमेरा, लेन्स मागवताय? ऑर्डर देण्याआधी हे वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. दादरच्या आमच्या छोट्या कचेरीत फोटोग्राफर मंडळींच्या आयात पार्सलांची कागदपत्रं आम्ही पाहतो. बहुतेक जण येतात ते पार्सल सहारला, म्हणजे मुंबई विमानतळाच्या कार्गोत, पोहोचून अडकल्यावर. तोवर माल कोणाच्या नावावर येणार आणि इनव्हॉइसवर काय लिहिलंय, या दोन्ही गोष्टी ठरून गेलेल्या असतात. खरा पैसा वाचतो किंवा बुडतो तो या दोन जागी. म्हणून हे पत्रक ऑर्डर देण्याआधीच्या वेळेसाठी लिहिलं आहे.

हिशेब कसा होतो

संकेतस्थळावर दिसणाऱ्या किमतीवर शुल्क लागत नाही. वस्तूची किंमत, भाडं आणि विमा अशी तिन्हींची बेरीज धरतात. परकीय चलनाचे रुपये करताना कस्टम्सने जाहीर केलेला दर लागतो. तुमच्या कार्डावर बँकेने लावलेला दर इथे चालत नाही. या बेरजेवर मूळ सीमाशुल्क लागतं, त्या शुल्काच्या 10 टक्के समाजकल्याण अधिभार बसतो आणि मग या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, येतो. म्हणजे कराची आकारणी शुल्कासकट होते. नुसते टक्के जोडून काढलेला अंदाज म्हणूनच नेहमी कमी भरतो.

एक उदाहरण घेऊ. लेन्स 1,00,000 रुपयांची, भाडं आणि विमा मिळून 5,000. मूळ सीमाशुल्क 10 टक्के आणि आयजीएसटी 18 टक्के आहे असं समजा. 1,05,000 वर शुल्क 10,500, अधिभार 1,050. बेरीज झाली 1,16,550. त्यावर आयजीएसटी 20,979. एकूण भरायचे 32,529 रुपये, म्हणजे 28 टक्के वाटत होते तिथे जवळपास 31 टक्के. मूळ शुल्काचा दर 20 टक्के धरला, तर हाच आकडा 46,158 होतो.

दर आम्ही 'समजा' म्हणून घेतले आहेत, कारण ते अर्थसंकल्पागणिक बदलतात आणि वस्तूगणिक वेगळे असतात. शुल्काच्या यादीत प्रत्येक वस्तूला क्रमांकाचं शीर्षक असतं: डिजिटल कॅमेरा 8525 या शीर्षकाखाली येतो, लेन्स 9002 खाली, फ्लॅश आणि फिल्म कॅमेरा 9006 खाली. स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या वस्तूंना 9804 हे आणखी एक शीर्षक आहे आणि तिथला दर वस्तूच्या मूळ दरापेक्षा वेगळा असू शकतो. डिजिटल कॅमेऱ्यांवर 1 जानेवारी 2019 पर्यंत 28 टक्के जीएसटी होता, तो त्या दिवसापासून 18 टक्के झाला. मित्राने दोन वर्षांपूर्वी भरलेली रक्कम विचारून आपलं बजेट ठरवू नका. ऑर्डरच्या आठवड्यात आम्हाला फोन करा, त्या दिवशीचा दर पाहून सांगू. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

इनव्हॉइसवर भाडं लिहून घ्या

या एका ओळीकडे कोणी लक्ष देत नाही. भाडं किती ते कळत नसेल, तर 2007 च्या मूल्यांकन नियमांप्रमाणे किमतीच्या 20 टक्के भाडं धरलं जातं. विमा कळत नसेल तर 1.125 टक्के. वरच्याच लेन्सचं मूल्य मग 1,05,000 ऐवजी 1,21,125 होतं आणि सुमारे 5,000 रुपये जास्त जातात. विक्रेत्याला एक ईमेल करा आणि भाडं व विमा वेगवेगळ्या ओळींत मागून घ्या. चांगले विक्रेते कुरकुर न करता देतात.

किंमत कमी लिहून द्यायला मात्र सांगू नका. विक्रेता स्वतःहून म्हणाला तरी नको म्हणा. कॅमेऱ्याच्या बॉडीची किंमत अधिकाऱ्याला मोबाइलवर दोन मिनिटांत दिसते. मग सीमाशुल्क कायदा 1962 चं कलम 111 लागतं, माल जप्त होऊ शकतो आणि सोडवायला दंड वेगळा. ज्या कॅमेऱ्यावर घर चालतं तो गोदामात पडून राहिलेला पाहवत नाही. शिवाय गोदामाचं भाडं चढत राहतं, ते निराळंच.

'गिफ्ट' लिहिल्याने सुटका होते हाही समज सोडा. डिसेंबर 2019 पासून भेट म्हणून पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या मालापैकी पूर्ण शुल्क न भरता फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांनाच वाट आहे.

नाव कोणाचं?

डोंबिवलीचे एक लग्नसमारंभाचे फोटोग्राफर आमच्याकडे आले होते. जीएसटी नोंदणी आहे, वर्षभर कर नीट भरतात. लेन्स मागवली ती मात्र आधार कार्डावर, वैयक्तिक म्हणून, कारण कुरिअरच्या लिंकवर तेच पटकन भरता आलं. आयजीएसटीचे वीस हजारांवर रुपये गेले आणि परत मिळायची वाटच उरली नाही. कागद आमच्या टेबलावर ठेवून ते गप्प बसले, ते अजून आठवतं. त्यानंतर हा मुद्दा आम्ही प्रत्येकाला पहिला सांगतो.

तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि वस्तू धंद्यासाठी असेल, तर माल व्यवसायाच्या नावावर मागवा. त्यासाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा क्रमांक, लागतो. तो परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरून मिळतो, शुल्क 500 रुपये, आणि तुमचा पॅन हाच तो क्रमांक असतो. कुरिअर कंपनीला आयईसी आणि जीएसटी क्रमांक माल निघण्याआधीच कळवा. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टम्सकडे दाखल होणाऱ्या आयातीच्या कागदावर, तुमचा जीएसटी क्रमांक छापून आला, की ती नोंद पुढे तुमच्या जीएसटीआर 2बी या वजावटीच्या विवरणात दिसते आणि भरलेल्या आयजीएसटीची वजावट घेता येते. वरच्या उदाहरणात 20,979 रुपये असे वळते होतात. सीमाशुल्क आणि अधिभार मिळून 11,550 मात्र कायमचे जातात. आयजीएसटीची वजावट घेतलीत, तर त्याच रकमेवर घसारा दाखवू नका. सीएंना हे आवर्जून सांगा.

हौसेसाठी एखादीच लेन्स घेत असाल, तर आयईसीची गरज नाही. केवायसी पुरतं.

काही संकेतस्थळं शुल्क आधीच घेतात. सोयीचं आहे, पण बिल ऑफ एंट्रीची प्रत मागून घ्या आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते वाचा. कुरिअर कंपनी तुमच्या वतीने शुल्क भरते तेव्हा आपला आकारही लावते. तो कर नाही, त्याची पावती वेगळी घ्या.

ड्रोन

मागवू नका. 9 फेब्रुवारी 2022 च्या अधिसूचनेपासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीला बंदी आहे. सवलत आहे ती संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन यांना, तीही परवानगी घेऊन. लग्नाचं शूट त्यात बसत नाही. शुल्क भरायची तयारी असली तरी तो सुटत नाही आणि तो सोडवून द्यायचं काम आम्ही घेत नाही. सुट्या भागांवर बंदी नाही.

दुरुस्तीला पाठवताना

बाहेर पाठवलेली लेन्स परत येताना पूर्ण किमतीवर शुल्क लागू नये, यासाठी कस्टम्सची सवलत आहे. तीन वर्षांच्या आत परत आली आणि वस्तू तीच आहे हे पटलं, तर दुरुस्तीचा खर्च, जाता-येताचं भाडं आणि विमा एवढ्यावरच शुल्क बसतं. दुरुस्ती वॉरंटीत फुकट झाली असली, तरी तिची वाजवी किंमत धरतात. सगळी मदार पाठवतानाच्या कागदांवर आहे: सीरियल नंबर त्यात हवाच. परत आल्यावर जुळवाजुळव करता येत नाही.

सोबत घेऊन येताना

परदेशी शूटला जाताना आपला कॅमेरा आणि लेन्स विमानतळावर कस्टम्सला दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना वस्तू तिकडेच घेतली का हा प्रश्न येत नाही. बॅग चेक-इनला देण्याआधी हे करा, हाताशी वेळ ठेवा. खरेदीची बिलं बरोबर असू द्या. नवीन बॉडी आणत असाल, तर बॅगेजची सवलत माणशी असते. नवरा-बायकोची मिळून एका कॅमेऱ्याला लावता येत नाही. किंमत सवलतीच्या वर गेली तर विमानतळावर रेड चॅनलला, म्हणजे शुल्काचा माल जाहीर करायच्या रांगेत, जाऊन सांगावं.

पैसे मागणारे फोन

'तुमचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, या खात्यावर इतके पाठवा' असे फोन आमच्या ग्राहकांना येतात. कस्टम्स कोणाच्याही खासगी खात्यावर शुल्क मागत नाही. विभागाच्या पत्रव्यवहारावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो सीबीआयसी, म्हणजे कस्टम्स चालवणाऱ्या केंद्रीय मंडळाच्या, संकेतस्थळावर पडताळता येतो. शंका आली तर पैसे न पाठवता कुरिअर कंपनीच्या अधिकृत नंबरवर स्वतः फोन लावा, किंवा मेसेज आम्हाला दाखवा.

ऑर्डर देण्याआधी आम्हाला व्हॉट्सॲपवर वस्तूची लिंक, विक्रेत्याचं कोटेशन आणि जीएसटी नोंदणी आहे की नाही एवढं कळवा. वस्तू वापरलेली असेल तर तेही लिहा, तिचे नियम वेगळे आहेत. वायरलेस ट्रिगर किंवा व्हिडिओ ट्रान्समीटर असेल तर मॉडेल क्रमांक पाठवा, दूरसंचार विभागाची मान्यता लागते का ते पाहावं लागतं. अंदाजे आकडा बहुधा त्याच संध्याकाळी देतो.