हिमनदीचं दळण

कॅनडातल्या पीटो सरोवराच्या निळसर हिरव्या पाण्याचा फोटो दाखवला की समोरचा हमखास म्हणतो, "रंग वाढवलाय." कुणी सांगतं, पाण्यात तांबं असणार. कुणाच्या मते ते आकाशाचं प्रतिबिंब. जवळच्या लेक लुईजबद्दल तर वाटाड्यांची एक जुनी थाप आहे: दरवर्षी सरोवर रिकामं करतात आणि तळाला निळा रंग फासतात!

ऑगस्टमध्ये आम्ही व्हॅन घेऊन या सरोवरांजवळून जाणाऱ्या रस्त्याने गेलो. बांफ आणि जॅस्पर ही दोन राष्ट्रीय उद्यानं जोडणारा हा आइसफिल्ड्स पार्कवे, लेक लुईज ते जॅस्पर सुमारे २३० किलोमीटर. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही आणि वाटेत पेट्रोल फक्त सस्कॅचेवान रिव्हर क्रॉसिंगला. ठरवलं तर एका दिवसात संपणारा रस्ता, आम्ही तीन दिवस घेतले. पीटोच्या काठावरच्या उंच सज्जात उभे होतो तेव्हा आकाश पूर्ण भरून आलेलं होतं, राखाडी. खाली सरोवर मात्र निळसर हिरवंच. प्रतिबिंबाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

त्या रंगाचा उगम वर, बर्फाच्या तळाशी आहे. हिमनदी हे एक जातं आहे आणि सरोवरात उतरतं ते तिचं दळण.

बर्फ तसा मऊ. नुसता स्वच्छ बर्फ चुनखडकावरून कितीही सरकला तरी खडकाला फारसं काही होत नाही. खडक घासतात ते बर्फात रुतलेले दगड. पण मुळात शेकडो फूट जाडीचा घन बर्फ ओबडधोबड तळावरून सरकतो तरी कसा? "वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो आणि हिमनदी घसरते" हे उत्तर आपण कुठे ना कुठे वाचलेलं असतं. हिशेब करून पाहा. ३०० मीटर जाडीच्या बर्फाखाली वितळणबिंदू उतरतो तो जेमतेम ०.२ अंश सेल्सिअसने. एवढ्याने अख्खा तळ वितळत नाही. खरी गंमत तळावरच्या उंचवट्यांशी होते आणि ती मला या सगळ्या विषयात सर्वांत प्रिय आहे.

शाळेतला तारेचा प्रयोग आठवा. बर्फाच्या लादीवर बारीक तार टाकून तिच्या दोन्ही टोकांना वजनं टांगायची. तार लादीतून आरपार खाली येते, लादी मात्र अखंड राहते. तारेखाली दाब जास्त, म्हणून तिथला बर्फ वितळतो. पाणी तारेला वळसा घालून वर येतं आणि दाब सुटल्यावर पुन्हा गोठतं. हिमनदीत तार जागेवर असते, सरकतो तो बर्फ. तळातल्या उंचवट्यावर बर्फ येऊन रेटतो, त्या बाजूला दाब वाढतो, बर्फ वितळतो. पाण्याचा पातळ पापुद्रा उंचवट्याला वळसा घालून पलीकडे जातो आणि तिथे दाब कमी असल्यामुळे गोठतो. गोठताना उष्णता बाहेर पडते. ती उष्णता उंचवट्याच्या दगडातूनच उलट दिशेने अलीकडच्या बाजूला पोहोचते आणि तिथला पुढचा बर्फ वितळवते! बाहेरून उष्णता आणावी लागत नाही, मागचं गोठणं पुढच्या वितळण्याचा खर्च भागवतं.

उंचवटा लहान असेल तर उष्णतेचा रस्ता आखूड, काम झटपट. मोठा असेल तर उष्णता वेळेत पोहोचत नाही. तिथे बर्फ दुसरी युक्ती वापरतो: घट्ट काकवीसारखा वाकून वाहतो. बर्फावरचा ताण दुप्पट झाला तर त्याचा वाहण्याचा वेग दुप्पट होत नाही, सुमारे आठपट होतो, कारण वेग ताणाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे मोठे उंचवटेही पार होतात. सर्वांत जास्त अडवतात ते मधल्या मापाचे, साधारण वीतभर ते हातभर.

दळण होतं ते हे सगळं चालू असताना. तळाचा बर्फ वितळत राहतो, तसे त्यातले दगड खाली येऊन तळखडकावर दाबले जातात आणि पुढे ओढले जातात. याच रस्त्यावरच्या अथाबास्का हिमनदीच्या तोंडासमोर उघड्या पडलेल्या खडकावर असे पडलेले ओरखडे एकाच दिशेने गेलेले दिसतात. त्यांवरून बोट फिरवलं तर खाचा जाणवतात. दगडही झिजतातच. पण उंचवट्याच्या पलीकडे गोठणारा बर्फ भेगाळलेल्या खडकाचे तुकडे उपटून सोबत नेतो. म्हणजे जातं स्वतःच स्वतःला टाकी लावून घेतं.

या दळणातून जे पीठ निघतं, त्याचे बारीक कण एखाद-दोन मायक्रोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अथाबास्काच्या तोंडातून निघणाऱ्या सनवाप्टा नदीचं पाणी मी काचेच्या बाटलीत भरलं. पातळ सिमेंट कालवल्यासारखं राखाडी. रात्री विल्कॉक्स क्रीकच्या कॅम्पग्राउंडवर बाटली व्हॅनच्या फळीवर ठेवली. सकाळी तळाशी राखाडी साय बसली होती, वरचं बोटभर पाणी किंचित निवळलं होतं आणि मधलं सगळं जसंच्या तसं गढूळ. हिशेबही तेच सांगतो: गार, स्थिर पाण्यात एक मायक्रोमीटरचा कण दिवसाला जेमतेम पाच सेंटिमीटर खाली जातो. ५० मीटर खोल सरोवराचा तळ गाठायला त्याला अडीच वर्षांहून जास्त लागतील, आणि सरोवर काही बाटलीसारखं स्थिर नसतं.

पाणी लाल प्रकाश लवकर शोषतं. गडद लाल तर एखाद्या मीटरमध्ये निम्मा होतो. निळा-हिरवा खूप खोल जातो. स्वच्छ खोल पाण्यातून त्यातला फार थोडा परत येतो, म्हणून ते गडद दिसतं. दगडाचं पीठ तरंगत असेल तर कण तो प्रकाश विखरून वर पाठवतात, आणि सरोवर आतून दिवा लावल्यासारखं उजळतं. पीठ फारच जास्त झालं तर पाण्याला लाल शोषायला वावच मिळत नाही, म्हणून पीटोच्या मुखाशी, जिथे हिमनदीचा प्रवाह आत येतो, तिथे पाणी दुधी राखाडी दिसतं. जूनमध्ये दळण कमी येतं, जुलै-ऑगस्टमध्ये वितळण जोरात असतं तेव्हा रंग खुलतो.

या पाण्यात औषधी गुण वगैरे काही नाहीत. बाटलीवर हिमनदीचं चित्र छापून शुद्धता विकणाऱ्यांनी सनवाप्टाचं पाणी एकदा हातात धरून पाहावं. तिथल्या ओढ्यांमध्ये जिआर्डिया हा पोट बिघडवणारा परजीवीही असू शकतो, त्यामुळे पाणी उकळूनच प्यावं.

अथाबास्काच्या पायवाटेवर सालांचे फलक लावले आहेत: त्या त्या साली बर्फाचं टोक कुठवर होतं, ते दाखवणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही हिमनदी दीड किलोमीटरहून जास्त मागे हटली आहे. एका फलकापासून पुढच्यापर्यंत चालताना मला बर्फाइतकीच त्या रंगाचीही काळजी वाटत होती. जातं थांबलं की नवं पीठ यायचं थांबेल, जुनं सावकाश तळाशी बसेल, आणि निळसर हिरवी सरोवरं इतर डोंगरी तळ्यांसारखी गडद, पारदर्शक होतील.

दुसऱ्या दिवशी निघताना बाटली सनवाप्टातच रिकामी केली. तळाची साय काही निघेना. दोनदा पाणी घालून खळखळवावी लागली.