मर्थर टिडफिल : लोखंडाच्या गावाचे सार्वजनिक जीवन

दक्षिण वेल्समधील ग्लॅमॉर्गन परगण्यात, टॅफ नदीच्या वरच्या खोऱ्यात वसलेले गाव. लोहखनिज, दगडी कोळसा, चुनखडी आणि उतारावरून वाहणारे पाणी या चारही गोष्टी येथे एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर मिळत. त्यामुळे २५ वर्षांत चार मोठे कारखाने उभे राहिले : डाउलाइस (१७५९), प्लिमथ (१७६३), कफार्थफा (१७६५) आणि पेनिडॅरन (१७८४). माल समुद्रापर्यंत नेण्यासाठी १७९४ मध्ये कार्डिफपर्यंतचा सुमारे ४० किमी. लांबीचा कालवा खुला झाला. १८०१ च्या शिरगणतीत गावाची वस्ती ७,७०५ भरली आणि तेवढ्यावरच ते वेल्समधले सर्वांत मोठे गाव ठरले. १८५१ मध्ये वस्ती ४६,३७८ झाली.

एवढ्या मोठ्या गावाला नगरपालिका नव्हती. १८३२ पर्यंत स्वतंत्र खासदार नव्हता, आणि नळ व गटारे तर फार पुढची गोष्ट. चर्चच्या कारभाराचा जुना ग्रामीण विभाग आणि चार कारखानदारांची मर्जी, एवढाच काय तो कारभार. कार्डिगन, कार्मार्थन, पेम्ब्रुक अशा शेतीच्या परगण्यांतून आलेले बहुसंख्य कामगार वेल्श बोलत, तर कारखानदार आणि न्यायदंडाधिकारी इंग्रजीत व्यवहार करीत. म्हणून येथील लोकांनी जे सार्वजनिक जीवन उभे केले ते सरकारी आधाराविना, वर्गणीवर आणि स्वतःच्या भाषेत उभे केले. मर्थरचे वेगळेपण यातच आहे; लोखंड इतर ठिकाणीही होत होते.

काम आणि कामगार. भट्टीतून निघणारे बीड ठिसूळ असते. त्याचे घडीव लोखंड करण्याची पडलिंगची रीत हेन्री कॉर्ट याने १७८४ मध्ये पेटंट केली. ती कफार्थफाच्या रिचर्ड क्रॉशे याने मर्थरमध्ये इतकी मुरवली की पुढे तिला ‘वेल्श पद्धत’ असेच नाव पडले. कोळशातले गंधक लोखंडात शिरले तर ते लाल तापलेले असताना घणाखाली फुटते. म्हणून या भट्टीत जाळ एका कप्प्यात आणि बीड दुसऱ्या कप्प्यात ठेवत, आणि कमानदार छतावरून परतणाऱ्या उष्णतेने ते वितळवत. साधारण २०० किलो बीड वितळले की पडलर, म्हणजे ही भट्टी चालवणारा कारागीर, लांब लोखंडी आकड्याने रस ढवळत राही. कार्बन जळू लागला की रसावर निळसर ज्योती फुटत आणि रस हळूहळू घट्ट होई. आता त्याचे ३५–४० किलोंचे गोळे वळायचे, चिमट्याने ओढून घणाखाली घालायचे, त्यातली मळी पिळून काढायची आणि लगेच लाटण गिरणीतून पट्ट्या काढायच्या. गोळा लवकर काढला तर आत बिडाचा अंश राहतो. उशीर झाला तर लोखंड जळून मळीत जाते. नेमका क्षण ओळखायला डोळा आणि हाताला लागणारे ओझे यांशिवाय दुसरे साधन नव्हते. हे कौशल्य कोणत्याही पुस्तकात नव्हते, त्यामुळे अनुभवी पडलरला गावात मान असे आणि मालकालाही त्याच्याशी जपून वागावे लागे.

उधारी आणि १८३१ चा उठाव. मजुरीचा हिशेब अनेक ठिकाणी आठवड्याला न होता बऱ्याच दिवसांनी होई. मधल्या काळात उचल घ्यायची, आणि काही कारखान्यांत ती कंपनीच्याच दुकानातून मालाच्या रूपाने घ्यावी लागे. भाव दुकानदार ठरवी. कफार्थफाच्या क्रॉशे घराण्याने असे दुकान चालवले नाही, ही नोंद त्यांच्या बाजूने करायला हवी. छोट्या कर्जांच्या वसुलीसाठी १८०९ मध्ये स्थापन झालेले न्यायालय मात्र साऱ्या गावाच्या डोक्यावर बसले होते. तेथे निकाल झटपट लागे आणि बेलीफ घरातली खाट, पेटी, घड्याळ उचलून नेई.

१८२९ पासून लोखंडाचे भाव पडले. मे १८३१ मध्ये कफार्थफाचा तेव्हाचा मालक विल्यम क्रॉशे याने मजुरी कमी केली. त्याच महिन्याच्या अखेरीस लुइस लुइस नावाच्या गाडीवानाच्या घरी बेलीफ आले. शेजाऱ्यांनी वाट अडवली; शेवटी एक पेटी नेऊ द्यायची या बोलीवर तडजोड झाली. दुसऱ्या दिवशी जमावाने तीच पेटी दुकानदाराकडून परत आणली आणि मग घराघरांतून जप्त झालेल्या वस्तू शोधून ज्याच्या त्याला पोचवण्याचे सत्र सुरू झाले. हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. जमावाने माल लुटून वाटून घेतला नाही. कोणती वस्तू कोणाची, याचा हिशेब लावून ती परत दिली. २ जून रोजी न्यायालयाच्या अध्यक्षाचे घर फोडून वह्या जाळल्या गेल्या. या दिवसांत वासराच्या रक्तात बुडवलेले फडके निशाण म्हणून नाचवले गेले. ब्रिटनमध्ये कामगारांच्या बंडाचे चिन्ह म्हणून लाल निशाण फडकल्याचा हा अगदी आरंभीचा प्रसंग मानला जातो.

३ जून रोजी कॅसल इन या सरायीसमोर हजारोंचा जमाव आणि ब्रेकनहून आलेले मूठभर हायलँडर (स्कॉटिश) सैनिक समोरासमोर आले. सैनिकांच्या बंदुका हिसकावण्याची झटापट झाली आणि आतून गोळीबार झाला. किमान १६ माणसे मेली. अनेक जखमींना घरच्यांनी लपवल्याने खरा आकडा कधीच जुळला नाही. यानंतरही काही दिवस गाव बंडखोरांच्या ताब्यात होते. पुढे लुइस लुइसची फाशी रद्द होऊन त्याला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. रिचर्ड लुइस ऊर्फ डिक पेंडरिन या २३ वर्षांच्या तरुणाला मात्र डोनाल्ड ब्लॅक या सैनिकाला जखमी केल्याच्या आरोपावरून १३ ऑगस्ट १८३१ रोजी कार्डिफमध्ये फाशी दिली गेली. तो निर्दोष असल्याची खात्री पटल्याने जोसेफ ट्रेगेलिस प्राइस या क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) कारखानदाराने शिक्षा टळावी म्हणून धडपड केली; ती निष्फळ ठरली. वेल्श कामगारांच्या स्मृतीत डिकचे स्थान हुतात्म्याचे आहे, आणि पुरावा पाहता ते रास्तच आहे.

चॅपेल आणि रविवारची शाळा. अधिकृत चर्चशी फारकत घेतलेले बाप्टिस्ट, इंडिपेंडंट, मेथडिस्ट इत्यादी पंथ आपापली चॅपेले बांधत. जागा भाडेपट्ट्याने घ्यायची, बांधकाम कर्जाने करायचे आणि ते बाकड्यांच्या भाड्यातून व दारोदारच्या वर्गणीतून फेडायचे. झोअर, एबेनेझर, बेथेस्डा अशी नावे बायबलमधून घेतली जात. आत तीन बाजूंना सज्जा, समोर उंच व्यासपीठ आणि त्याच्या पायाशी कारभाऱ्यांचे ‘मोठे बाकडे’. कारखान्यात हुकूम ऐकणारा माणूस येथे मतदान करी, हिशेब तपाशी, धर्मोपदेशक निवडी. लोखंडाची मंदी आली की वर्गणी आटे आणि कर्ज अंगावर येई. मतभेद झाला की एक गट उठून पलीकडच्या गल्लीत दुसरे चॅपेल बांधी, आणि कर्ज दुप्पट होई.

रविवारची शाळा ही केवळ मुलांची नव्हती. आजीपासून नातवापर्यंत सगळे येत. आठ-दहा जणांचा घोळका एका शिक्षकाभोवती बसे, बायबलची ओवी वाची आणि तिच्या अर्थावर वाद घाली. याचे मूळ ग्रिफिथ जोन्स यांनी १७३० च्या दशकात सुरू केलेल्या फिरत्या शाळांत आहे. शिक्षक एका गावी साधारण तीन महिने, शेतीची कामे कमी असताना, राही आणि वेल्श वाचायला शिकवून पुढच्या गावी जाई. इंग्रजी शिकवण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. म्हणूनच इतक्या थोड्या काळात माणसे वाचू लागली.

मंडळे. आजारपण आणि मयत यांसाठी कामगार परस्पर मदतीच्या मंडळांत दरमहा ठरावीक रक्कम भरत. बैठक बहुधा दारूच्या गुत्त्यात होई, कारण मोठी खोली तेथेच मिळे. या मंडळांची मोठी चूक म्हणजे तरुण आणि म्हातारा दोघांची वर्गणी सारखी. आरंभी सभासद तरुण असल्याने तिजोरी भरलेली दिसे; वीस वर्षांनी सगळे एकदमच थकत आणि मंडळ बुडे. १८३६ मध्ये रेक्सममध्ये स्थापन झालेल्या आयव्हराइट्स या संघटनेने आपले कामकाज वेल्श भाषेतच चालवण्याचा नियम केला.

आयस्टेडफॉड. मूळ वेल्श शब्दाचा अर्थ ‘बैठक’. कविता, गायन आणि वादन यांच्या या स्पर्धा मर्थरमध्ये १८२० च्या दशकात गुत्त्यांच्या वरच्या खोल्यांत भरत. दगड फोडणारा आयोलो मॉर्गनग हा गवंडी-कवी १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोज हिलवर कवींची ‘गॉर्सेथ’ (सभा) भरवून बसला होता. हा प्राचीन विधी असल्याचे तो सांगे. तो बव्हंशी त्यानेच रचला होता. १८१९ मध्ये कार्मार्थनला गॉर्सेथ आणि आयस्टेडफॉड प्रथमच एकत्र आले. आयोलोचा मुलगा टॅलिएसिन विल्यम्स मर्थरमध्ये शाळा चालवी आणि गावातील स्पर्धांचा तो आधार होता.

स्पर्धेची पद्धत चोख होती, आणि मुख्य स्पर्धांत ती आजही तशीच आहे. विषय आधीच जाहीर होतो. कवी टोपणनावाने कविता पाठवतो. सोबत लाखबंद पाकीट, त्यावर टोपणनाव आणि आत खरे नाव. परीक्षक ते पाकीट न फोडता कवितांचा क्रम लावतात आणि आपला अभिप्राय व्यासपीठावरून सर्वांसमोर वाचून दाखवतात. भल्याभल्यांच्या ओळीतले दोष तेथे नावानिशी नव्हे पण टोपणनावानिशी निघतात. लायक कविता नसेल तर बक्षीस राखून ठेवले जाते. विजेत्याचे टोपणनाव पुकारले की तो श्रोत्यांतून उभा राहतो. खाणीतला मजूर आणि धर्मोपदेशक एकाच रांगेत मोजले जाण्याची सोय या एका पाकिटाने केली.

नियमबद्ध कवितेचा कस ‘कंगहानेथ’ या रचनेत लागतो. हा मराठीतल्या अनुप्रासापेक्षा फार कडक प्रकार आहे. ओळीचे दोन भाग करायचे आणि पहिल्या भागातली व्यंजने त्याच क्रमाने दुसऱ्या भागात आणायची. स्वर मात्र बदलायचे. केवळ व्यंजनांचा क्रम कळावा म्हणून मराठीत ‘दारी सारे, दूर सूर’ असे म्हणता येईल : द-र-स-र, पुन्हा द-र-स-र. शिवाय आघात कोठे पडतो हेही जुळले पाहिजे. दुसऱ्या प्रकारात मधली काही व्यंजने सोडता येतात. तिसऱ्यात ओळीचे तीन तुकडे पडतात. पहिल्या दोघांचे यमक आणि शेवटच्या दोघांची व्यंजने जुळतात. चौथ्यात पहिल्या तुकड्याचा शेवट ओळीतल्या अखेरच्या शब्दाच्या उपान्त्य अक्षराशी यमक साधतो. चार ओळींच्या ‘एंग्लिन’ या लोकप्रिय छंदात एकूण ३० अक्षरे : १०, ६, ७, ७. एखादे व्यंजन निसटले की परीक्षक ओळ बाद धरतो, मग भाव कितीही उत्कट असो. भट्टीवर बारा तास राबून आलेली माणसे यासाठी रात्री बसत.

वेल्श साहित्याचे मूल्य मानणारी मंडळी वरच्या घरांतही होती. डाउलाइसच्या मालकाची पत्नी लेडी शार्लट गेस्ट वेल्श शिकली आणि तिने मध्ययुगीन ‘मॅबिनोगियन’ कथांचे इंग्रजी भाषांतर १८३८ पासून खंडशः प्रसिद्ध केले.

छापील शब्द. वेल्श भाषेतले पहिले साप्ताहिक ‘सेरेन गोमेर’ १८१४ मध्ये स्वान्झी येथे निघाले आणि पुढच्याच वर्षी थांबले. जाहिराती अपुऱ्या आणि मुद्रांक-कर जबर. १८१५ पासून तो प्रत्येक अंकामागे चार पेन्स होता. १८१८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. मर्थरमध्ये मॉर्गन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १८४० मध्ये ‘उदगॉर्न कमरी’ हे कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीचे वेल्श पत्र काढले.

१८४७ मध्ये वेल्समधील शिक्षणाचा सरकारी अहवाल आला. तिघेही आयुक्त इंग्रज. वेल्श कोणालाच येत नव्हते. शाळांची दुरवस्था त्यांनी खरीच नोंदवली, पण दोष भाषेवर आणि चॅपेलवर ढकलला आणि वेल्श स्त्रियांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. निळ्या पुठ्ठ्यांमुळे ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ हे नाव त्याला चिकटले. रविवारच्या शाळेत प्रौढ माणसे वाचत-वाद घालत असताना त्यांना अडाणी ठरवणारा हा अहवाल अन्याय्य होता.

पाणी. वर्गणीतून चॅपेल उभे राहते, जलवाहिनी राहत नाही. उतारावर दाटीने बांधलेल्या चाळींना शौचकूप नव्हते. घाण नदीत जाई आणि पाण्यासाठी झऱ्यावर रांगा लागत. १८४९ च्या पटकीने गावात हजाराहून अधिक बळी घेतले. १८५० मध्ये आरोग्य मंडळ स्थापन झाले, पण खर्च आणि कारखान्यांचा पाण्यावरचा हक्क यांवरून वाद चालूच राहिले. घरोघर स्वच्छ पाणी येण्यास १८६० चे दशक उजाडले.

१८६७ च्या कायद्याने मतदारांची संख्या सुमारे दहापट झाली आणि १८६८ मध्ये मर्थरने चॅपेल परंपरेतील शांततावादी हेन्री रिचर्ड यांना सर्वाधिक मतांनी निवडून दिले. नगरपालिकेची सनद गावाला १९०५ मध्ये मिळाली.