ईसीसी रॅम आणि रजिस्टर्ड रॅम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

गेल्या चार महिन्यांत मला हा प्रश्न कितीदा आला असेल त्याची गणती नाही. "दादा, बाहेरच्या साईटवर सोळा जीबीची स्टिक निम्म्याहून कमी किमतीत दिसतेय, घेऊ का? पण ईसीसी लिहिलंय, आपल्या पीसीला ईसीसी चालत नाही म्हणतात." आणि दुसरा लगेच सांगतो, ईसीसी म्हणजे सर्व्हरची रॅम, नाद सोड. हे उत्तर अर्धं चूक आहे, ईसीसी म्हणजे स्वतःची चूक पकडणारी रॅम, आणि खास सर्व्हरची असते ती रजिस्टर्ड, आणि त्या अर्ध्या चुकीपायी एक माणूस चांगला माल सोडून देतो तर दुसरा नको तो घेऊन बसतो.

लोक बाहेर का बघायला लागलेत ते उघड आहे. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी एवढी ओढून घेतली की २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव पेटले, आणि डिसेंबरात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. कोल्हापुरात राजारामपुरीत दुकानात भाव विचारला की माणूस गप घरी येतो आणि मोबाईल उघडतो. अलीएक्सप्रेस या चिनी खरेदीच्या ॲपवर २०२० च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडं बंदी आहे, तरी परदेशातले बाकीचे विक्रेते आहेत, दुबई-सिंगापूरला पाहुणे आहेत, माल येतोच. त्यातला बराचसा स्वस्त माल जुन्या सर्व्हरमधून काढलेला असतो. तो वाईट असतो असं नाही, उलट सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन यांचा अस्सल माल असतो, फक्त तुमच्या मशीनसाठी केलेला असेलच असं नाही.

डीडीआर३, ४ आणि ५ या रॅमच्या पिढ्यांतला फरक सांगत बसत नाही, पिनांमधली खाच वेगळ्या जागी असते, बसतच नाही. लॅपटॉपची स्टिक आखूड असते, ती डोळ्यालाच कळते.

आता खरा मुद्दा. ईसीसी म्हणजे काय तर बेरजेला ताळा असतो तसं. दर ६४ बिट डेटामागं ८ बिट जादा ठेवायचे आणि वाचताना पडताळायचं. शाळेतल्या ताळ्यानं चूक आहे एवढंच कळतं, ईसीसी एका बिटाची चूक दुरुस्त पण करतं आणि दोन बिटांची असली तर निदान ओळखतं. त्यासाठी डीडीआर४ च्या साध्या स्टिकवर एका बाजूला ८ चिप असतात तिथं ईसीसीवर ९ असतात. बास. हा ताळा आहे म्हणून तुमचा पीसी बंद पडायचं काही कारण नाही.

रजिस्टर्ड ही गोष्टच निराळी. ऊसतोडीची टोळी डोळ्यासमोर आणा. साध्या स्टिकमध्ये, म्हणजे अनबफर्डमध्ये, प्रोसेसर स्वतः प्रत्येक चिपला हुकूम देतो, मधे कोणी नाही. रजिस्टर्ड स्टिकमध्ये मधोमध एक वेगळ्या आकाराची चिप बसवलेली असते, तिचं नाव रजिस्टर, आणि ती म्हणजे मुकादम. प्रोसेसर मुकादमाला सांगतो, मुकादम टोळीला सांगतो. त्यात एक क्लॉक, म्हणजे एका ठोक्याएवढा, उशीर होतो, पण प्रोसेसरवरचा विजेचा भार कमी होतो म्हणून सर्व्हरमध्ये मोठमोठ्या स्टिक भरपूर लावता येतात. डेस्कटॉपच्या साध्या प्रोसेसरला मुकादमाशी बोलायची पद्धतच दिलेली नाही. बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, स्लॉट बदला, खोडरबरनं पिना घासा, काही उपयोग नाही.

घोळ कुठं होतो तर रजिस्टर्ड स्टिक जवळजवळ सगळ्या ईसीसीच असतात. मग कोणीतरी रजिस्टर्ड घेतली, चालली नाही, वर ईसीसी लिहिलेलं बघितलं, आणि सांगत सुटला की ईसीसी चालत नाही. चालली नाही ती मुकादमामुळं, ताळ्यामुळं नव्हे! ईसीसी असलेली अनबफर्ड स्टिक पण मिळते, आणि एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या रायझन प्रोसेसरवर (नावात शेवटी इंग्रजी "जी" असलेली ग्राफिक्सवाली मॉडेल सोडून) मदरबोर्डनं साथ दिली तर ती ताळ्यासकट चालते, नाही दिली तर बहुतेक वेळा साधी रॅम म्हणून चालते. इंटेलच्या घरगुती बोर्डावर मात्र आधी बोर्डाची चालणाऱ्या रॅमची यादी बघा, तिथं मी अंदाजानं सांगणार नाही.

डीडीआर४ मध्ये अजून घात असा की साध्या आणि रजिस्टर्ड दोन्हींच्या पिना २८८, खाच एकाच जागी, स्टिक खटकन बसते. उद्यमनगरात माझा एक मित्र कास्टिंगच्या पॅटर्नची थ्रीडी ड्रॉइंग करतो, त्यानं बाहेरून ३२ जीबीच्या दोन स्टिक मागवल्या. लिस्टिंगला "डेस्कटॉप" लिहिलेलं. मी गेलो तेव्हा पंखे फिरत होते, दिवे लागत होते, स्क्रीन काळी ठिक्कर, आणि तो सकाळपासून चौथ्यांदा स्टिक काढून घालत होता. मी स्टिक उजेडात धरली, मधोमध मुकादम बसलेला. विक्रेता म्हणाला परत पाठवा, पण पाठवणीचा खर्च तुमचा, आणि तो खर्च मालापेक्षा जास्त. डीडीआर५ मध्ये हा धोका नाही, खाचच वेगळी केलीय कारण साध्या स्टिकला ५ व्होल्ट लागतात आणि रजिस्टर्डला १२, म्हणून बसत नसेल तर जोर लावू नका.

ओळखायची कशी? लेबल वाचायचं. आणि इथं लोक परत एकदा घसरतात. लेबलवर "२आरएक्स४" किंवा "१आरएक्स८" असं असतं, त्यातल्या आरला लोक रजिस्टर्ड समजतात. तो आर रँकचा, म्हणजे चिपच्या गटाचा! बघायचं ते पुढचं अक्षर, "पीसी४-२४००टी-" च्या पुढचं. तिथं यू असेल तर साधी, ई असेल तर ईसीसी पण अनबफर्ड, आर असेल तर रजिस्टर्ड, एल असेल तर ती पण सर्व्हरचीच. आणि एक्स४ (एका चिपमागं ४ बिट) दिसलं की नव्याण्णव टक्के ती सर्व्हरची समजा. सॅमसंगची असेल तर अजून सोपं, पार्ट नंबर एम३७८ नं सुरू होत असेल तर साधी, एम३९१ म्हणजे ईसीसी अनबफर्ड, एम३९३ म्हणजे रजिस्टर्ड. माझं स्पष्ट मत आहे, विक्रेत्यानं त्याच स्टिकच्या लेबलचा फोटो दिला नाही तर घ्यायची नाही, कितीही स्वस्त असो. रंगीत दिवे आणि जाड पत्रा लावलेल्या बिननावाच्या स्टिक मला आवडत नाहीत ते पण याचसाठी, पत्र्याखाली कुठल्या चिप आहेत ते दिसतच नाही.

डीडीआर३ वाल्यांनी "फक्त एएमडीसाठी" लिहिलेल्या स्टिकपासून लांब राहा, त्यात एक्स४ चिप असतात आणि इंटेलचे डेस्कटॉप त्या घेत नाहीत. आणि डीडीआर५ च्या साध्या स्टिकवर ऑन-डाय ईसीसी लिहिलेलं असतं ते चिपच्या आतल्या आतलं आहे, वर सांगितलेला ताळा तो नव्हे.

जुनं वर्कस्टेशन, म्हणजे जड कामासाठीचा पीसी, वापरणाऱ्यांसाठी उलटं. एचपीचं झेड४४०, डेलचं प्रिसिजन ५८१० यांना रजिस्टर्डच लागते, साधी चालत नाही. पण झेड२४० किंवा प्रिसिजन ३६२० ला अनबफर्ड लागते. नुसतं "वर्कस्टेशनची रॅम" म्हणून मागवाल तर परत तोच घोळ.

मित्राच्या त्या दोन स्टिक शिरोली एमआयडीसीत एकाच्या झेड४४० मध्ये गेल्या, तिथं मस्त चालतायत, त्याला पैसे पण सुटले. त्याच्या रायझनसाठी आम्ही दुसऱ्या मागवल्या, कस्टमची ड्युटी आणि जीएसटी धरून हिशेब आधी मांडला आणि तरीही इथल्यापेक्षा स्वस्त पडल्या. फोटो आला तेव्हा त्यानं लेबलवर बोट ठेवून मला अक्षर दाखवलं. ई होतं. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवला, सकाळी चार फेऱ्या पूर्ण आणि चूक शून्य.